‘वाघ घाबरत नाही’ म्हणणाऱ्यांनो, आधी मेंदूचं ऐका!



डोंबिवली पूर्वेला आमच्या वस्तीत एक अभ्यासिका आहे. पत्र्याचं छप्पर, दोन लांब टेबलं, भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब. काही वर्षांपूर्वी तिथे बावीस वर्षांचा एक मुलगा रोज यायचा. सकाळी ठाण्याला कामावर जायचा, संध्याकाळी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा. एक दिवस त्याने कामावर जाणं सोडलं. लोकलमध्ये चढायचं म्हटलं की छातीत धडधड, हातापायांना घाम आणि आता आपण मरणार ही खात्री. आधी तो प्लॅटफॉर्मवरून परत यायचा. मग स्टेशनपर्यंतही जाईना. शेवटी शेवटी तर घरात बसून ‘उद्या गाडी पकडायची आहे’ एवढा विचार आला तरी त्याचा श्वास कोंडायचा.

आईने उतारा टाकला. मग कुणा बाबाकडे नेलं. ‘बाहेरचं आहे’ म्हणून बाबाने पैसे घेतले. आणि आपण काय केलं? आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने भरल्या अभ्यासिकेत त्याला विचारलं, “बाबासाहेबांचं लेकरू आणि गाडीला घाबरतं?” सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर तो मुलगा अभ्यासिकेत आला नाही.

प्रायश्चित्त हा आपला शब्द नाही, म्हणून या लेखाला मी कबुली म्हणतो. माझं म्हणणं सरळ आहे. चिंताविकारातला धोका काल्पनिक असू शकतो, पण त्या धोक्याने शरीरात उठणारं वादळ काल्पनिक नसतं. हे न समजता ‘वाघ घाबरत नाही’ अशी भाषणं ठोकणारी चळवळ आपल्याच पोरांना बाबाच्या दारात ढकलते.

मेंदूत होतं काय?

आपल्या कानशिलांच्या आत, मेंदूच्या खोल भागात, दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचा एकेक पेशीसमूह असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका हेरण्याच्या यंत्रणेतला तो महत्त्वाचा भाग. अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की धोक्याचा आवाज अमिग्डालापर्यंत दोन वाटांनी पोचतो. एक वाट जवळची, घाईची आणि कच्ची. दुसरी मेंदूच्या बाहेरच्या थरातून जाणारी, लांबची पण तपशील घेऊन येणारी. म्हणजे आवाज नेमका कशाचा याचा निकाल लागायच्या आत भोंगा वाजलेला असतो. भोंगा वाजला की अॅड्रेनालिन रक्तात येतं, हृदय धावू लागतं, श्वास वाढतो, पोटात गोळा येतो. पाठोपाठ कॉर्टिसॉल वाढतं. लढायचं, पळायचं की जागीच थिजायचं, एवढाच प्रश्न शरीरापुढे उरतो.

या यंत्रणेनेच माणसाला आजवर जगवलं. बिबट्याची खात्री करत थांबलेल्याला वंश वाढवायला वेळ मिळाला नसता. तिच्यावर लगामही असतो. कपाळामागचा भाग, ज्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात, तो तपासून सांगतो की घाबरू नकोस. हिप्पोकॅम्पस नावाचा भाग जागेची आणि प्रसंगाची आठवण देतो, की ही दिवाळी आहे आणि हा फटाका आहे.

आता कल्पनेचं बघू. डोळे मिटून मीठ-तिखट लावलेली चिंच आठवा. तोंडाला पाणी सुटलं ना? चिंच कुठे आहे? एखादी गोष्ट प्रत्यक्ष पाहताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, त्यातले बरेच ती गोष्ट मनात आणतानाही कामाला लागतात. भीतीचंही तसंच. २०१८ साली ‘न्यूरॉन’ या शास्त्रीय नियतकालिकात रेडन, वेजर आणि शिलर या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. ६८ लोकांना विशिष्ट आवाजासोबत सौम्य विजेचा झटका देऊन त्या आवाजाची भीती बसवली गेली. मग तीन गट केले. एका गटाला तो आवाज झटक्याशिवाय पुन्हापुन्हा ऐकवला. दुसऱ्याला तो आवाज फक्त मनात आणायला सांगितला. तिसऱ्याला पाऊस, पक्षी असे सुखद आवाज कल्पायला सांगितले. पहिल्या दोन गटांची भीती उतरली, तिसऱ्याची टिकून राहिली. आवाज कानाने ऐकणारे आणि मनात ऐकणारे, दोघांच्याही मेंदूने जवळपास सारखाच धडा घेतला.

कल्पनेने भीती उतरू शकते, तशी ती कल्पनेने पोसलीही जाते. रोज रात्री पडल्या पडल्या उद्याच्या गाडीचं भयंकर चित्र रंगवणारा मुलगा त्या गाडीत न चढताही रोज एक फेरी करून येत असतो.

आजार कधी होतो?

भीती सगळ्यांना वाटते. ती विकार होते तेव्हा भोंगा फार सहज वाजू लागतो आणि लगाम ढिला पडतो. शिवाय भीती पसरते. आधी गाडीची, मग स्टेशनची, मग गर्दीची, मग नुसत्या विचाराची. सगळ्यात चिवट भाग म्हणजे टाळणं. प्लॅटफॉर्मवरून मागे फिरलं की क्षणात हायसं वाटतं आणि मेंदू नोंद करतो, ‘पळालो म्हणून वाचलो.’ गाडीत चढूनही काही झालं नसतं, हे शिकायची संधी मात्र हुकते. पॅनिक अटॅकमध्ये तर धडधडणारं हृदयच धोका वाटू लागतं. धडधड झाली म्हणून भीती, भीतीने आणखी धडधड. हा फेरा तोडायला शिव्या आणि टोमणे उपयोगी पडत नाहीत. टोमणा हा मेंदूसाठी आणखी एक धोकाच असतो.

डोंबिवलीकरांना हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. २६ मे २०१६ ला इथल्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. माणसं मेली, लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ ला पुन्हा तेच. अशा स्फोटानंतर एखादं मूल दार आपटलं तरी दचकून आईला बिलगतं. दाराच्या आवाजात स्फोट नाही, हे खरं. पण त्या मुलाला कुणी ‘नाटकं करतोस’ म्हणेल का? आणि असंही कुणी म्हणेल का, की आधी आम्ही धोकादायक कारखाने इथून हलवून घेऊ, तोपर्यंत तू झोपू नकोस? कारखान्यांसाठी मोर्चा काढायचा आणि मुलाच्या झोपेवर उपचारही करायचे. दोन्ही कामं आपलीच.

जातीच्या भीतीला नेमका हाच न्याय लावा, एवढंच मी मागतोय.

पूर्ण नाव काय?

आता माझी गोष्ट. त्या हसण्यानंतर तीनेक वर्षांनी मी भाड्याने घर शोधत होतो. ब्रोकर आधी गोड बोलायचे. मग यायचा तो प्रश्न, “पूर्ण नाव काय?” आडनाव कळलं की मालकाचा भाऊ अचानक गावाहून राहायला यायचा. असं तीनदा झालं. त्यानंतर अनोळखी नंबरवरून फोन आला की माझं काळीज वर-खाली व्हायला लागलं. पुढे फोन न वाजताही व्हायला लागलं. आणि एका सकाळी कोपर ते दिवा यांच्यामध्ये, गच्च भरलेल्या डब्यात, मला वाटलं माझं हृदय बंद पडतंय. दिव्याला उतरलो आणि बाकड्यावर कोसळलो. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, “काही नाही, टेन्शन घेऊ नका.” तेव्हा मला अभ्यासिकेतला तो मुलगा आठवला.

माझी भीती काल्पनिक होती का? प्रत्येक अनोळखी फोन ब्रोकरचा नव्हता, डब्यात मला कुणी मारायला उठलं नव्हतं. तेवढ्यापुरता भोंगा खोटा. पण भोंग्याला हा आवाज शिकवला कुणी? २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी. दलित आणि मुस्लिम वाटणाऱ्या नावांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. २०१५ साली दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांबद्दल थोरात आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातही आडनावाने दार बंद होताना दिसलं. म्हणजे ‘पूर्ण नाव काय’ ऐकून ज्याच्या पोटात गोळा येतो, तो वेडा नाही. त्याच्या मेंदूने समाजाचा धडा नीट पाठ केला आहे, आता तो जिथे गरज नाही तिथेही तो धडा म्हणून दाखवतो आहे.

बाबासाहेबांनी भीती लपवली नाही

‘वाघ घाबरत नाही’ म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ पुन्हा वाचावं. १९१७ साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात नोकरीला गेले. राहायला जागा मिळेना, म्हणून एका पारशी मुक्कामगृहात पारशी नाव लावून राहिले. वरच्या मजल्यावर एकटेच. विजेचे दिवे नाहीत, कंदिलाचा मिणमिणता उजेड, आजूबाजूला अडगळ आणि फडफडणारी वटवाघळं. त्या फडफडीने अंगावर काटा यायचा आणि आपण परक्या जागी, परक्या परिस्थितीत आहोत हे पुन्हा जाणवायचं, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात येऊन उभे राहिले. संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. अठरा वर्षांनंतरही तो प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी येतं, हेही त्यांनी लिहिलं.

नीट बघा. वटवाघळापासून जिवाला धोका नव्हता. तो काटा वटवाघळाचा नव्हताच. नाव लपवून राहावं लागत होतं त्याचा तो काटा होता. आणि अठरा वर्षांनी समोर काठी नसताना नुसत्या आठवणीने डोळे भरून येणं, यालाच मी वर मेंदूचं काम म्हटलं. बाबासाहेब हे लपवू शकले असते. आपल्यातल्या कुठल्याही गल्लीनेत्याने लपवलं असतं. त्यांनी ते लिहिलं, कारण तो पुरावा होता. भीती वाटली हे सांगितल्याने त्यांची उंची एक इंचही कमी झाली नाही.

आणि तथागत? मज्झिम निकायातलं चौथं सुत्त भयभेरव सुत्त आहे. संबोधीच्या आधी आपण भीतीदायक मानल्या जाणाऱ्या वनांत, लोक ज्यांना खास रात्री मानतात अशा रात्री, मुद्दाम जाऊन राहिलो, असं तिथे बुद्ध एका ब्राह्मणाला सांगतात. हरिण आलं, मोराने काटकी पाडली, वाऱ्याने पाचोळा सळसळला की वाटायचं, आलं ते भय! मग त्यांनी ठरवलं की चालताना भीती आली तर चालतच राहायचं, बसलेलो असताना आली तर बसूनच राहायचं, ती ओसरेपर्यंत जागचं हलायचं नाही. आज मानसोपचारात भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायला शिकवतात, त्याच्याशी या वागण्याचं नातं कुणालाही दिसेल. सुत्त म्हणजे मानसोपचाराचं पाठ्यपुस्तक आहे असा दावा मी करत नाही. पण आपला शास्ता ‘मला भीती वाटायची’ असं म्हणतो, आणि त्याचे अनुयायी ‘आम्हाला वाटत नाही’ म्हणतात, यात कुणाचं ऐकायचं ते ठरवा.

तीन खोट्या उत्तरांचा समाचार

पहिलं उत्तर बाबाचं. ‘बाहेरची बाधा.’ बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात उतारा पडतो, कारण त्या आईला दुसरं काही सुचवणारा माणूस तिच्या दारी गेलाच नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं, दोरखंडाने बांधणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा दाखवून बाबा बंद होईल, पण आईचा प्रश्न उरेल, ‘मग नेऊ कुठे?’ त्याचं उत्तर आपल्याकडे हवं.

दुसरं उत्तर शहाण्यासुरत्या सवर्णांचं. ‘सगळे तुमच्या मनाचे खेळ. आता कुठे राहिली जात?’ काही समुपदेशकही हेच बोलतात. चिंतेच्या उपचारात विचारतात, ‘तुम्हाला ज्याची भीती वाटते ते घडण्याचा पुरावा काय?’ प्रश्न चांगला आहे. पण आपल्या मुलाकडे पुरावा असतो! १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. हा पुरावा खोलीबाहेर ठेवून जो उपचार करतो, तो अर्धाच उपचार करतो. प्रामाणिक समुपदेशक खरा धोका आणि खोटा भोंगा यांची पेशंटसोबत बसून वेगवेगळी यादी करतो. आणि मनाच्या खेळांचंच बोलायचं तर विटाळ हा या देशातला सगळ्यात जुना मनाचा खेळ आहे. पाण्याला हात लागला म्हणून पाणी बाटल्याची भीती खरी की काल्पनिक? जात ही विटांची भिंत नसून मनाची अवस्था आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं. मग उपचार फक्त आम्हीच घ्यायचे?

तिसरं उत्तर आपलं स्वतःचं, आणि माझा खरा राग त्याच्यावर आहे. ‘हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले. चळवळीत ये, भीती पळेल.’ काही जण जरा अभ्यासू असतात, ते म्हणतात, ‘रोग समाजाला आहे, गोळ्या पोराला कशाला? थेरपी माणसाला राजकारणापासून तोडते.’ या आक्षेपात तथ्य आहे. अन्यायाला आजार म्हणून फाइलमध्ये बंद करणारे आहेतच. पण ज्याला घराबाहेर पडवत नाही तो मोर्चात कसा येणार? सारखा वाजणाऱ्या भोंग्यात खरी आग ऐकू येत नाही. ज्याला हरेक फोन ब्रोकरचा वाटतो, तो खऱ्या भेदभावाविरुद्ध तक्रार लिहायला बसू शकत नाही. मला बसता येत नव्हतं. उपचारांनंतर आलं.

आणखी एक. ‘दहा दिवस विपश्यनेला बसव, सगळं निघून जाईल’ हा सल्लाही सरसकट देऊ नका. ध्यानाचा अनेकांना उपयोग होतो. पण पॅनिकच्या भरात असलेल्या काहींना तासन्तास श्वासावर लक्ष ठेवल्याने त्रास वाढतो. आधी डॉक्टरला विचारा.

मग करायचं काय?

मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. काही महिने औषध घेतलं आणि समुपदेशकासोबत एक शिडी बनवली. पहिल्या आठवड्यात फक्त डोंबिवली स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं, धडधड ओसरेपर्यंत. मग दुपारच्या रिकाम्या गाडीने कोपर. मग दिवा. मग ठाणे. शेवटी सकाळची गर्दी. जुनी भीती पुसली जात नाही, मेंदू तिच्यावर नवा धडा बसवतो आणि तो सरावाने पक्का होतो. दारात लटकणं मात्र यात येत नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गाडीतून पडून प्रवासी मेले. तो भोंगा खरा आहे, तो ऐकायचाच.

निम्हान्सने २०१५-१६ साली १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की सामान्य मानसिक आजार असलेल्या १०० पैकी ८५ जण उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. चिंताविकार याच गटात येतात. आपल्या वस्तीत त्या ८५ मधले किती, ते विहारात नजर फिरवून बघा.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे, आणि ती आजपासूनची आहे.

१४४१६ हा टेली-मानसचा सरकारी, मोफत नंबर विहाराच्या आणि अभ्यासिकेच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १८ प्रत्येकाला सरकारी यंत्रणेकडून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क देतं, आणि त्यात जातीवरून भेदभाव करायचा नाही हे स्पष्ट लिहिलं आहे. हा हक्क आहे, उपकार नाही. महापालिकेच्या कुठल्या दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी आहे, आठवड्यातून किती दिवस चालते, डॉक्टरची पदं किती रिकामी आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर मिळालं नाही तर त्यासाठी मोर्चा काढा. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे, तरी आपण अजून ‘ठाण्याला भरती कर’ हा विनोद करतो. तो बंद करा. मानसशास्त्र शिकलेली आपली मुलं-मुली आता आहेत, त्यांना जयंतीच्या सत्कारापुरतं बोलावू नका. महिन्यातून एक रविवार त्यांना विहारात बसवा.

आणि कुणी पोरगा, पोरगी ‘मला भीती वाटते’ म्हणाली, तर हसू नका. ‘कधीपासून?’ एवढंच विचारा आणि ऐका.

मी त्या मुलाच्या घरी गेलो होतो. आता तो डोंबिवलीतच एका दुकानात काम करतो, अजूनही गाडीत चढत नाही. मी माफी मागितली. तो म्हणाला, “दादा, त्यांनी काय विचारलं ते मी विसरलो. तुम्ही हसला होतात, ते लक्षात आहे.” मी गप्प बसलो. मग विचारलं, “कोपरपर्यंत येतोस का माझ्यासोबत, दुपारच्या गाडीने?” त्याने अजून हो म्हटलेलं नाही. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!